बोथम जाँ खटला: शिक्षेच्या सुनावणीत घरच्यांचे बोल आणि लोकांच्या प्रतिक्रिया (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ती क्लिप वर्षातून दोनतीनदा तरी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतेच. कोर्टात एक अठरा वर्षांचा मुलगा आपल्या भावाला मारणाऱ्या बाईला मिठी मारतो. घटना २ ऑक्टोबरची, त्यामुळे गांधीजयंतीला तर हमखास येते, आणि खाली लिहिलेलं असतं: "भावाने माफ केलं, कोर्टाने सोडून दिलं." मी डॅलसजवळ प्लेनोला राहते, म्हणून पुण्याची मामी, नाशिकचा चुलतभाऊ, इथल्या मंडळातली माणसं सगळे मलाच विचारतात. मी वकील नाही. तो खटला मी थेट प्रक्षेपणात रोज पाहिला होता आणि तेव्हापासून तो मनातून गेलेला नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. हे प्रकरण नक्की काय होतं? सुरुवातीपासून सांगा.

६ सप्टेंबर २०१८ ची रात्र. बोथम जाँ हा २६ वर्षांचा तरुण डॅलसमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून व्हॅनिला आइस्क्रीम खात होता. तो मूळचा कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटाचा. अर्कान्सातल्या हार्डिंग विद्यापीठात शिकला, नंतर प्राइसवॉटरहाउसकूपर्समध्ये अकाउंटंट म्हणून लागला, चर्चमध्ये गायचा. अँबर गायगर ही डॅलस पोलिसांतली शिपाई त्याच इमारतीत बरोबर त्याच्या खालच्या मजल्यावर राहायची. साडेतेरा तासांची ड्यूटी संपवून ती गणवेशातच घरी आली आणि तिसऱ्याऐवजी चौथ्या मजल्यावर गेली. बोथमचं दार नीट लागलेलं नव्हतं. आपल्याच घरात चोर शिरलाय असं वाटलं म्हणून गोळी झाडली, असं तिने कोर्टात सांगितलं.

बोथमच्या दारात लाल भडक पायपुसणं होतं, तिच्या दारात काहीच नव्हतं. "त्या पायपुसण्यावर पाय ठेवूनही तुमच्या लक्षात आलं नाही?" हा सरकारी वकिलांच्या बाजूचा मोठा मुद्दा होता. बोथम कृष्णवर्णीय होता आणि गायगर गोरी आहे. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या प्रतिक्रिया कळत नाहीत. १ ऑक्टोबर २०१९ रोजी ज्यूरीने तिला खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी १० वर्षांची शिक्षा दिली.

२. एकदा दोषी ठरवल्यावर परत वेगळी सुनावणी कशासाठी?

पहिल्या टप्प्यात प्रश्न एकच असतो: गुन्हा केला की नाही. मेलेला माणूस किती गुणी होता किंवा मारणारीचं बालपण कसं गेलं, याला तिथे जागा नसते. शिक्षा किती, हे ठरवताना मात्र या गोष्टी पुढे येतात. म्हणून पुरावा नव्याने मांडला जातो, साक्षीदार नव्याने उभे राहतात, आणि घरचे लोक मन मोकळं करून बोलतात ते याच टप्प्यात.

टेक्ससमध्ये खुनाला ५ ते ९९ वर्षं किंवा जन्मठेप होऊ शकते. या खटल्यात आकडा ज्यूरीने ठरवला, म्हणजे समाजातल्या बारा सामान्य माणसांनी. आपल्याला हे परकं वाटतं, पण मुंबईतही ज्यूरी होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात (नौदल अधिकारी नानावटीने पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळी घातली होती) सत्र न्यायालयातल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने "निर्दोष" म्हटलं होतं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. त्या खटल्याचा मिठीशीही संबंध आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

३. घरच्यांची साक्ष आणि नंतरचं ते बोलणं एकच ना?

नाही. सगळा घोळ इथेच होतो.

साक्ष होते शिक्षा ठरण्याआधी. ती शपथेवर असते, वकील प्रश्न विचारतात, समोरच्या वकिलाला उलटतपासणी घेता येते आणि ज्यूरी ती ऐकून शिक्षेचा विचार करते. बोथमची आई ॲलिसन, वडील बर्ट्रम आणि बहीण ॲलिसा यांचं बोलणं या प्रकारातलं.

दुसरं असतं निवेदन. टेक्ससच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४२.०३ सांगतं की मृताच्या जवळच्या नातेवाइकाला कोर्टासमोर आणि आरोपीसमोर आपलं म्हणणं मांडू द्यायलाच हवं, पण शिक्षा सुनावून झाल्यावर. त्यात शपथ नाही, उलटतपासणी नाही. बोलणाऱ्याने आरोपीला प्रश्न विचारायचे नाहीत, एवढं बंधन. धाकटा भाऊ ब्रँट बोलला तो या वेळी. तोवर १० वर्षांचा आकडा जाहीर झालेला होता.

४. साक्षीत घरचे नेमकं काय म्हणाले? क्लिपमध्ये ते दिसतच नाही.

ते फॉरवर्ड होत नाही, आणि मला त्याचंच सर्वांत वाईट वाटतं.

आई म्हणाली की तिला झोप नाही, जेवण जात नाही, आयुष्य पहिल्यासारखं राहिलंच नाही. वडील खुर्चीत बसून रडत होते. बोथम रविवारी चर्चनंतर घरी फोन करायचा, त्या फोनभोवती त्यांचा रविवार असायचा. आता आपले रविवार उद्ध्वस्त झाले, असं ते म्हणाले. आपलं घर असं मोडावं हे शक्य तरी कसं आहे, असं ते स्वतःलाच विचारत होते. बहीण भावाच्या आठवणी सांगत होती. फोटो दाखवले गेले, तो गातानाचं ध्वनिचित्रण लावलं गेलं.

मोठं भाषण कोणीच केलं नाही. सगळं घरगुती होतं: फोन, रविवार, जेवण, गाणं. आपल्याकडे दहाव्याला आलेली माणसं बोलतात ना, "चहा त्यालाच करायला सांगायचे मी", तसं. मृत्यूचं प्रमाणपत्र जे सांगत नाही ते कोर्टाच्या कामकाजात यावं, एवढ्यासाठी ही साक्ष असते.

सरकारी वकिलांनी याच टप्प्यात गायगरचे मोबाइलवरचे संदेशही दाखवले. त्यात मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीनिमित्तच्या मिरवणुकीबद्दल हीन दर्जाची थट्टा होती. कोर्टाबाहेर थांबलेल्या लोकांच्या कानावर एकाच दिवसात या दोन्ही गोष्टी गेल्या.

५. भावाने मिठी मारली म्हणून शिक्षा कमी झाली का?

नाही. शिक्षा आधी सुनावली, मिठी नंतर (क्रम प्रश्न ३ मध्ये आहे). "कोर्टाने सोडून दिलं" हेही खोटं आहे. मिठी सुटल्यावर ती बाई थेट तुरुंगात गेली.

ते दृश्य संथपणे पाहा. ब्रँट साक्षीच्या खुर्चीत बसलेला, बोलताना सारखा गळ्यापाशी कॉलर ओढतो. तू आमचं काय हिरावलंस ते शंभराव्यांदा सांगत नाही, तुला ते माहीत आहे, असं म्हणतो. तुला खरंच पश्चात्ताप झाला असेल तर मी माझ्यापुरतं सांगू शकतो, मी तुला माफ करतो, असं म्हणतो. हे घरच्यांसमोर कधी बोलणार नव्हतो, पण तू तुरुंगातही जाऊ नयेस असं मला वाटतं, असंही म्हणतो. मग न्यायाधीश टॅमी केम्प यांच्याकडे वळून विचारतो: हे शक्य आहे का माहीत नाही, पण मी तिला मिठी मारू का? प्लीज. उत्तर लगेच येत नाही. तो पुन्हा "प्लीज" म्हणतो. न्यायाधीश डोळे पुसतात आणि होकार देतात. तो खुर्चीतून उतरतो, ती जवळजवळ धावत येते. कोर्टात हुंदक्यांशिवाय आवाज नाही.

"मी माझ्यापुरतं" हे दोन शब्द फॉरवर्डमधल्या प्रत्येक ओळीतून गळालेले असतात.

६. मग दहाच वर्षं का? सरकारी वकिलांनी तर जास्त मागितली होती.

त्यांनी किमान २८ वर्षं मागितली होती. बोथम जिवंत असता तर त्याच आठवड्यात २८ वर्षांचा झाला असता, म्हणून तो आकडा. बचाव पक्षाने उलट "अचानक उफाळलेल्या भावनेच्या भरात" घडलं, असा मुद्दा मांडला. तो मान्य झाला असता तर शिक्षेची मर्यादा २ ते २० वर्षांवर आली असती. ज्यूरीने तो मानला नाही.

नंतर दोन ज्यूररनी दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली. हे इतर खुनांसारखं नाही, चूक घडली, २८ वर्षं द्यायला मन तयार होईना, असा त्यांचा सूर होता. बोथमला स्वतःला काय हवं असतं याचा विचार केला आणि त्याने माफ केलं असतं असं वाटलं, असंही त्यात आलं.

यावर मी बरेच दिवस विचार करत होते. घरच्यांनी साक्ष दिली ती आपला मुलगा किती चांगला होता हे जगाला कळावं म्हणून. त्याच चांगुलपणातून निदान काहींच्या मनात असं आलं की इतका चांगला मुलगा सूडाची भाषा करणार नाही. म्हणजे आईबापांच्या शब्दांचं वजन पडलं, पण त्यांना हव्या त्या पारड्यात पडलं असं नाही. घरचे भावूक बोलतात म्हणजे शिक्षा वाढतेच असं समजणाऱ्यांनी हा खटला आठवावा.

७. कोर्टाबाहेर लोक एवढे का चिडले?

आदल्या दिवशी, खुनाचा निकाल आल्यावर, त्याच इमारतीत लोक एकमेकांना मिठ्या मारत रडत होते. अमेरिकेत पोलिसाला खुनाबद्दल दोषी ठरवलं जाणं फार दुर्मीळ, तेही कृष्णवर्णीय माणसाच्या खुनाबद्दल. दुसऱ्या दिवशी १० वर्षं ऐकल्यावर बाहेर "न्याय नाही तर शांतता नाही" या अर्थाच्या घोषणा सुरू झाल्या. कित्येकांनी विचारलं की जागा उलटी असती, कृष्णवर्णीय माणूस चुकून गोऱ्या पोलीस बाईच्या घरात शिरला असता, तर दहा वर्षांत भागलं असतं का?

त्यात कोर्टातली एक कर्मचारी गायगरचे केस कुरवाळते आहे असा एक व्हिडिओ पसरला. तोही लोकांना झोंबला. एवढी माया आमच्या पोरांना कधी मिळते, असा तो सवाल होता.

८. मिठीवरही टीका झाली म्हणे. माफ करणाऱ्या मुलावर कोण चिडणार?

ब्रँटवर चिडणारे थोडे होते. बहुतेकांचा राग मिठी वापरणाऱ्यांवर होता.

शहराचे महापौर एरिक जॉन्सन यांनी जाँ कुटुंबाच्या प्रेमाचं आणि श्रद्धेचं कौतुक केलं. जिल्ह्याचे सरकारी वकील जॉन क्रूझो यांनी क्षमेची अशी कृती आजकाल विरळाच दिसते, असं म्हटलं. पाहता पाहता दिवसभराची बातमी बदलली. पोलिसाने घरात बसलेल्या माणसाला मारलं ही मागे गेली आणि एक कृष्णवर्णीय मुलगा किती मोठ्या मनाचा, ही पुढे आली. मार्टिन लूथर किंग यांच्या कन्या बर्निस किंग यांनी तेव्हाच बजावलं की वंशद्वेष मिठी मारून मिटत नाही.

या रागाला इतिहास आहे. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. दोनच दिवसांनी जामिनाच्या सुनावणीत काही नातेवाइकांनी "मी तुला माफ करते" म्हटलं आणि देशभर त्याचा गौरव झाला. त्याच कुटुंबांतले काहीजण माफ करू शकले नव्हते. त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. कृष्णवर्णीयांनी दर वेळी लगेच माफ करावं अशी अपेक्षाच तयार झाली आहे, ही लेखक-विचारवंतांची तक्रार मला पूर्ण पटते. आणि तरीही ब्रँटचं ते मागणं खोटं किंवा दुबळं होतं असं मला क्षणभरही वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

९. भावाने माफ केलं, आईने नाही. घरात फूट होती का?

फूट नव्हती. प्रत्येकाने आपापलं सांगितलं.

आई ॲलिसन जाँ कोर्टातून बाहेर आल्या आणि थेट यंत्रणेवर बोलल्या. ही दहा वर्षं गायगरने विचार करण्यात आणि बदलण्यात घालवावीत, पण डॅलस शहराला अजून पुष्कळ करायचं आहे, प्रशिक्षण नीट असतं तर माझा मुलगा आज जिवंत असता, असं त्यांचं म्हणणं. क्षमा आमच्या मनाच्या जखमेसाठी आहे, पण आम्ही जे भोगलं त्याची कोणी दखलच घेऊ नये असा त्याचा अर्थ नाही, असंही त्यांनी नंतर सांगितलं. त्यांचं हे बोलणं क्लिपएवढं कधीच फिरलं नाही. ब्रँटने मुलाखतीत सांगितलं की माफीपर्यंत पोचायला प्रत्येकाला आपापल्या पायऱ्या असतात, त्याच्या लवकर झाल्या असाव्यात.

ज्यांच्या घरात कोणी अकाली गेलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एक भाऊ फोटोला हार घालतो, दुसरा त्या खोलीत पाऊल ठेवत नाही.

१०. न्यायाधीशांनी बायबल दिलं आणि मिठी मारली. हे चालतं का?

यावर आजही एकमत नाही. ज्यूरी गेल्यावर केम्प खाली उतरल्या, जाँ कुटुंबाला भेटल्या, मग आतून आपलं रोजच्या वाचनातलं बायबल आणून गायगरला दिलं. तिने देव मला माफ करेल का असं विचारलं आणि मिठीही तिनेच मागितली, असं केम्प यांनी नंतर सांगितलं. शासन आणि धर्म वेगळे ठेवण्यासाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने टेक्ससच्या न्यायिक आचरण आयोगाकडे तक्रार केली. अनेक कृष्णवर्णीय वकील मात्र केम्प यांच्या बाजूने उभे राहिले.

माझं मत: मिठीला परवानगी देणं योग्य होतं, कारण ती नातेवाइकाची मागणी होती. बायबल देणं योग्य नव्हतं. नातेवाईक स्वतःपुरता बोलतो, न्यायाधीश मात्र त्या खुर्चीपाशी कधीच स्वतःपुरता नसतो.

११. घरच्यांच्या अश्रूंवर शिक्षा ठरवणं न्याय्य आहे का? ज्याचं कोणीच नाही त्याचं काय?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही पडला होता. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत पहिलं असं निवेदन नोंदवलं गेलं. १९८७ मध्ये बूथ विरुद्ध मेरीलँड या खटल्यात कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की फाशीच्या खटल्यात कुटुंबाच्या दुःखाचा पुरावा नको. कारण हेच: मृताचे नातेवाईक बोलके आहेत की अबोल, किंवा आहेत की नाहीत, यावर आरोपीचं मरण ठरू नये.

चारच वर्षांत, १९९१ मध्ये, पेन विरुद्ध टेनेसी या खटल्यात कोर्टाने आपलाच निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी फिरवला. त्या हल्ल्यात आई आणि धाकटी बहीण मारली गेली होती आणि तीन वर्षांचा मुलगा वाचला होता. तो आईसाठी रडतो, ती घरी का येत नाही हे त्याला कळत नाही, बहिणीसाठीही रडतो, असं त्याच्या आजीने साक्षीत सांगितलं. आरोपीची बाजू मांडायला इतके लोक येतात, तर मेलेल्याचं माणूसपण दाखवायला कोणीच नको का, असा न्यायालयाचा विचार होता. पेनची फाशी पुढे २०२१ मध्ये बौद्धिक अक्षमतेच्या कारणावरून रद्द झाली, निकाल मात्र कायम आहे.

मला पेनचा निकाल पटतो, बूथमधली भीतीही खरी वाटते. म्हणून टेक्ससची वाटणी बरी वाटते: माणूस कसा होता ते आधी सांगा, मनात काय खदखदतंय ते शिक्षेनंतर सांगा.

१२. घरचे "याला फाशीच द्या" असं कोर्टात म्हणू शकतात का?

फाशीच्या खटल्यात ज्यूरीसमोर नाही. पेनने बूथचा सगळा निकाल पुसला नव्हता. गुन्ह्याबद्दल, आरोपीबद्दल आणि शिक्षेबद्दल कुटुंबाचं मत सांगायला असलेली मनाई तशीच राहिली. ओक्लाहोमातली न्यायालयं ते विसरली होती, तेव्हा २०१६ मध्ये बॉसी विरुद्ध ओक्लाहोमा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आठवण करून दिली.

शिक्षा ठरल्यावर बांध फुटतो. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरी फाशीवर एकमत होऊ शकली नाही, नऊ विरुद्ध तीन झालं, त्यामुळे जन्मठेप. नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला कुटुंबं बोलली. कित्येकांनी आरोपीला नरकात जा म्हटलं, काहींनी तीन ज्यूररना आणि बचावाच्या वकिलांनाही सोडलं नाही. लोकांचा राग असा पेटला की २०२३ मध्ये फ्लोरिडाने कायदा बदलून आठ विरुद्ध चार मतांवरही फाशीची शिफारस करता येईल असं केलं. ब्रँटच्या क्लिपवर टाळ्या वाजवणारे या आईबापांना सूडखोर म्हणतात तेव्हा मला त्रास होतो. शाळेत सोडलेलं लेकरू परत न आलेल्या आईला तिच्या शब्दांसाठी गुण देणारे आपण कोण?

१३. आरोपीच्या घरच्यांनाही बोलू देतात का?

हो, शिक्षेच्या टप्प्यात. गायगरची आई आणि बहीण साक्षीला आल्या होत्या, मैत्रिणी आणि सहकारीही. तिला किती पश्चात्ताप आहे, बोथमच्या जागी आपण असतो तर बरं असं ती म्हणते, हे आईने सांगितलं. लोकांचा यावरचा राग मी समजू शकते, पण तीही आईच.

आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या पतियाळा हाउस कोर्टात असाच प्रसंग घडला. निर्भया प्रकरणातल्या एका दोषीची आई पीडितेच्या आईपुढे पदर पसरून मुलासाठी माफी मागत होती. मलाही मुलगी होती, असं उत्तर मिळालं.

१४. आपल्याकडे नातेवाइकांना असं बोलता येतं का? आणि त्यांनी माफ केलं तर?

दोषी ठरवल्यावर शिक्षेबद्दल वेगळं ऐकून घेण्याची तरतूद आपल्याकडेही आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२), आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५८(२). पण त्यात ऐकायचं आहे ते आरोपीचं. पीडिताच्या कुटुंबाचं निवेदन तिथे लिहिलेलं नाही. २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ठरवण्यापूर्वी पीडितांवर झालेल्या परिणामाचं निवेदन घेण्याची गरज बोलून दाखवली. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भरपाई ठरवण्यासाठी तशा अहवालाची पद्धत घालून दिली.

कोर्टात बोलायला जागा नाही म्हणून लोक रस्त्यावर बोलतात. कोपर्डीच्या घटनेनंतर २०१६ मध्ये लाखोंचे मूक मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. त्याच वर्षी ५ मे रोजी निर्भया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली तेव्हा न्यायदालनात टाळ्या वाजल्या होत्या. १९८३ च्या मच्छी सिंग निकालापासून "समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी" हा शब्दप्रयोग आपल्या फाशीच्या निकालांत आहे. उलट मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये शक्ती मिल प्रकरणातली फाशी जन्मठेपेत बदलताना, जनक्षोभावरून शिक्षा ठरवता येत नाही अशी भूमिका घेतली.

माफीचं म्हणाल तर आपल्याकडे खून हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. नातेवाइकांनी माफ केलं म्हणून खटला संपत नाही. पण राज्यपालांच्या माफीच्या अधिकारात त्यांच्या शब्दाला वजन येऊ शकतं. नानावटीला १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, त्याआधी मृत प्रेम आहुजांच्या बहिणीने आपली हरकत नसल्याचं लिहून दिलं होतं. शहर नानावटीच्या बाजूने होतं, वर्तमानपत्रं त्याच्या बाजूने होती. त्या बहिणीवर किती भार असेल, याचा विचार मी ब्रँटची क्लिप पाहिल्यापासून करते.

१५. आमच्या ओळखीच्या घरात असा प्रसंग झालाय. त्यांना हा व्हिडिओ पाठवू का? मन हलकं होईल.

कृपा करून पाठवू नका. ब्रँट कोणालाही शिकवायला बोलला नव्हता. त्यांच्या घरी जा, डबा न्या, कोर्टाच्या तारखेला सोबत बसा. कोर्टाच्या बाकावर दिवसभर एकटं बसणं काय असतं ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. माफीचा विषय त्यांनी काढला तर ऐका, नाही काढला तर नाही.

१६. ती बाई आता सुटली का?

हे उत्तर लिहिताना माझ्याकडे असलेल्या माहितीनुसार, नाही. तिचं अपील डॅलसच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळलं आणि राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०२२ मध्ये ते विचारात घेतलं नाही. पोलीस मुख्यालयाजवळच्या रस्त्याला आता बोथम जाँ बुलेवर्ड असं नाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाणी खटल्यात ज्यूरीने कुटुंबाला जवळजवळ १० कोटी डॉलर भरपाई देण्याचा निकाल दिला, पण तो गायगरविरुद्ध, शहराविरुद्ध नाही. एवढी रक्कम ती कुठून देणार?

निम्मी शिक्षा भोगल्यावर पॅरोलचा विचार होतो. तिथे घरच्यांना पुन्हा आपलं म्हणणं मांडायचा हक्क असतो, म्हणजे पुन्हा सगळं उकरून बोलायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पॅरोल नाकारला गेला. ती पॅरोलला पात्र ठरली त्या दिवसाची तारीख होती २९ सप्टेंबर. बोथम असता तर त्या दिवशी ३३ वर्षांचा झाला असता.